दप्तराबाहेरची भाषा

नागपूरच्या पूर्वेतिहासाची चर्चा निघाली म्हणजे आपली दृष्टी स्वाभाविकपणे भोसल्यांच्या वाड्यापाशी जाऊन थांबते, आणि त्याच्याही मागे जाणारा एखादा चिकित्सक वाचक असलाच तर तो देवगडच्या बख्त बुलंद शहापर्यंत पोहोचतो. पण ज्या गोंड राजाने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या आसमंतातील बारा खेडी एकत्र करून हे नगर वसविले, त्याच्या जातभाईंच्या तोंडी कोणती भाषा होती आणि पुढच्या तीनशे वर्षांत त्याच राजधानीत तिची काय अवस्था झाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ती भाषा गोंडी. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांच्या कुळातली ती आहे, आणि नर्मदेपासून गोदावरीपर्यंत व वऱ्हाडच्या सीमेपासून बस्तरपर्यंत तिचा विस्तार आहे. एवढ्या मोठ्या मुलखाची भाषा आपल्याच राजाने वसविलेल्या नगरीत परकी झाली, याचे कारण तिच्या शब्दसंपत्तीत किंवा वाङ्मयात शोधू जाल तर सापडणार नाही. ते दप्तरात सापडेल. फारसी, मोडी मराठी, हिंदी आणि इंग्रजी या साऱ्यांना नागपूरच्या दप्तराने क्रमाक्रमाने गादीवर बसविले. गोंडीला मात्र त्याने उंबरठ्याच्या आत कधी घेतले नाही, आणि हे सांगताना मनाला क्लेश होतात की, तो दरवाजा प्रथम लावून घेतला तो खुद्द गोंड राजांनीच.

देवगडचे घराणे लहानसहान नव्हे. अबुल फज़लाने ‘ऐन-इ-अकबरी’त जाटबा नावाच्या ज्या गोंड जमीनदाराचा उल्लेख केला आहे, त्याच्या पदरी दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याची नोंद आहे. सातपुड्याच्या माथ्यावरील, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील त्या दुर्गावरून राज्य करणाऱ्या या वंशाचा सर्वांत कर्तबगार पुरुष बख्त बुलंद. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लामचा स्वीकार केला, आणि दिल्लीच्या वैभवाचे व बंदोबस्ताचे जे दर्शन त्याला तेथे घडले त्याच्या प्रभावाने परत आल्यावर आपला मुलूख आबाद करण्याचा त्याने चंग बांधला. भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या रिचर्ड जेन्किन्सने १८२७ साली या राज्याविषयी जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यात बख्त बुलंदाच्या या कारकिर्दीचे मोठे गौरवाने वर्णन आहे: हिंदू-मुसलमान असा भेद न करता त्याने कर्तृत्ववान माणसे कामावर नेमली, चहूकडून रयत व कारागीर बोलावले, गावे वसविली, शेती, उदीम आणि व्यापार यांना उत्तेजन दिले. राजा म्हणून हे त्याचे भूषणच. परंतु आलेला प्रत्येक कुणबी, कोष्टी, सावकार आणि मुत्सद्दी आपापली भाषा घेऊन आला, आणि राजाला ज्या भाषेत सनदा लिहावयाच्या होत्या ती त्याच्या आईची भाषा नव्हती. हा केवळ देवगडकरांचाच रिवाज होता असेही नाही. गढा-मंडल्याच्या हृदयशहाने १६६७ साली रामनगरच्या प्रासादात आपली वंशावळ शिलेवर कोरवली ती संस्कृतात, जयगोविंद नावाच्या पंडिताकडून. राज्य गोंडांचे, शिला गोंडांच्या मुलखातली, पूर्वजांची नावे गोंडांची, आणि भाषा मात्र पंडितांची. त्या काळी प्रतिष्ठा मिळवावयाची तर ती अशीच मिळवावी लागे, हे मान्य केले तरी त्या शिलालेखापुढे उभे राहिले असता मन खिन्न होते.

बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान याने नागपूरला राजधानीचा थाट दिला; कोट बांधला आणि जुम्मा तलावाचे, म्हणजे आजच्या शुक्रवारी तलावाचे, काम केले. १७३९ साली तो वारल्यावर वली शहाने गादी बळकाविली तेव्हा चांद सुलतानाच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस पाचारण केले. पुढचा वृत्तांत सर्वांना ठाऊक आहे. चांद सुलतानाच्या मुलांमधील कलहात रघूजींनी हळूहळू सारी सत्ता आपल्या हाती घेतली आणि त्यांपैकी बुऱ्हाण शहाला राजा हा किताब व नेमणूक देऊन महालातील किल्ल्यात ठेविले. त्याचे वंशज पुढेही नागपुरात गोंडराजे म्हणूनच ओळखले गेले. राज्याचा शब्द मात्र तेव्हापासून चिटणिसाच्या मोडी लेखणीतून उमटू लागला. कमाविसदाराची वरात, पाटील-पांड्यांचा हिशेब, जमाबंदीचा कागद, फिर्यादीची तक्रार, सारे मराठीत. रामटेक, देवलापार, पारशिवनी या बाजूच्या रानातील गोंडाला आपल्या शेताचा वाद सांगावयाचा झाला म्हणजे तो परक्या भाषेतच सांगणे भाग पडे, आणि जो आपली बाजू परक्या भाषेत मांडतो त्याच्या दाव्याचे बळ किती कमी होते हे न्यायाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको.

मग या शतकांमध्ये गोंडी वाङ्मय, कारण वाङ्मय या शब्दाचा यथार्थ प्रयोग येथेच शोभतो, राहिले कोठे? ते राहिले परधानांच्या कंठात. परधान हे गोंडांचे कुलगायक. वर्षा-दोन वर्षांआड, तीन वर्षांआड, परधान आपल्या यजमान गोंडाच्या घरी येई, किंगरी नावाचे तीन तारांचे वाद्य मांडीवर घेऊन गजाने छेडी, आणि त्या घराचे कूळ, त्या कुळाचे देव, ते देव कोठल्या डोंगरावरून निघाले, कोठल्या नदीपाशी अडले, कोणी त्यांना पार नेले, ही सारी कथा रात्रभर गाऊन सांगे. कुळाच्या पेनाची, म्हणजे कुलदेवाची, पूजा त्याच्यावाचून पार पडत नसे. त्या बदल्यात धान्य, वस्त्र, कधी गाय-बैल अशी दक्षिणा त्याला मिळे आणि तो ती हक्काने मागून घेई, कारण त्या घराण्याचा इतिहास त्याच्याजवळ ठेव म्हणून असे. या परधानांविषयीची एक गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात धरावी. आदिलाबादच्या राज गोंडांमध्ये अनेक वर्षे राहून अभ्यास करणाऱ्या क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नमूद करून ठेविले आहे की, तिकडील परधानांची घरची भाषा मराठी आहे. पोरांना रागे भरावे मराठीत, बाजारहाट करावा मराठीत, आणि यजमानाच्या अंगणात किंगरी हाती घेतली की सृष्टीच्या आरंभापासूनची कथा गोंडीत सांगावी! म्हणजे गोंडीचे सर्वांत मोलाचे भांडार ज्यांनी सांभाळले त्यांत मराठी बोलणारे लोकही होते. मराठी आणि गोंडी यांचा संबंध केवळ जेत्या-जितांचा समजणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा शांतपणे विचार करावा. नर्मदेकाठच्या परधानांवर १९४६ साली ज्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला ते शामराव हिवाळे हेही महाराष्ट्रीयच; मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचे सहकारी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांचे स्वतःचे काम स्वतंत्र आदरास पात्र आहे.

या कंठस्थ भांडाराला कागदावर उतरविण्याचा जो महत्त्वाचा प्रयत्न झाला तो मात्र नागपुरातच झाला, आणि तो केला एका स्कॉटिश पाद्र्याने. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले. त्यांनी काढलेल्या शाळेची परंपरा पुढे त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयात चालू राहिली, आणि भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नागपूरच्या आसपासच्या खडकांतून आणि टाकळीच्या जीवाश्मांतून जे ज्ञान मिळविले त्याची कीर्ती विलायतेपर्यंत गेली. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. पण आपल्या हेतूसाठी का होईना, रानातल्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलावे, त्याचे शब्द टिपून घ्यावेत आणि त्याची गाथा अक्षरशः उतरवून घ्यावी, हे नागपूरच्या एकाही शास्त्र्याला, मौलवीला किंवा चिटणिसाला दीडशे वर्षांत सुचले नव्हते, हेही लपविता येणार नाही. एका परधानाच्या मुखातून त्यांनी लिंगोची गाथा लिहवून घेतली. महादेवाने गोंडांना धवलगिरीच्या पायथ्याशी एका गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लोटली. चौघे तेवढे निसटून काचीकोपा लोहागड येथे रानात जाऊन राहिले. त्यांच्यात लिंगो आला, त्याने त्यांना शेत करावयास शिकविले, आणि त्यांनीच पुढे मत्सराने त्याचा घात केला. लिंगो पुन्हा जिवंत झाला. तपश्चर्या करून त्याने महादेवाजवळ आपल्या बांधवांची मुक्तता मागितली तेव्हा बिंदो नावाच्या काळ्या पक्ष्याची पिले आणून दे, अशी अट त्याला घालण्यात आली. समुद्रकाठी त्या पक्ष्याच्या घरट्याकडे सरपटत जाणाऱ्या भुजंगाला लिंगोने मारिले, पिलांचे प्राण वाचविले, आणि कृतज्ञ पक्ष्याने त्याला पंखांवर घेऊन परत आणिले. शिळा हटली, गोंड मोकळे झाले. वाटेत नदीला पूर आला तेव्हा सुसरीने दगा दिला आणि कासवाने तारिले. मग लिंगोने त्यांचे चार, पाच, सहा आणि सात देवांचे गट पाडून सोयरिकीची घडी बसवून दिली. ती घडी आजही मोडलेली नाही. विदर्भातील गोंड घरात लग्न ठरविताना प्रथम देवांची संख्या विचारली जाते.

ही गाथा छापलेली पाहणे हिस्लॉपांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून ते बोरीकडे परतत असता रात्रीच्या अंधारात फुगलेल्या नाल्यात बुडून मृत्यू पावले. घोडा तेवढा स्वाराविना मुक्कामी पोहोचला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद गोळा करून संपादित केले आणि १८६६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गोंडी मजकूर त्यात रोमन लिपीत आहे, सोबत इंग्रजी अर्थ आहे, आणि निरनिराळ्या वन्य जमातींच्या शब्दांचे तक्ते आहेत. पाच वर्षांनी कॅप्टन फॉर्सिथने आपल्या ग्रंथात याच गाथेचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले. नागपुरात जन्मास आलेले हे पुस्तक लंडनच्या वाचकाला ठाऊक झाले. नागपूरच्या मराठी वाचकाला मात्र त्याचा पत्ता लागण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

पुढे ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. मुंडा आणि द्राविड भाषांचा तो खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला असून त्यात गोंडीच्या बोलींचे नमुने जिल्ह्यावार दिले आहेत. त्यावरून एक लहानशी परंतु बोलकी गोष्ट ध्यानात येते. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सय्युंग, सारुंग, येरुंग असे एकापासून सातापर्यंत मोजणारा गोंड बहुतेक जागी आठापासून पुढे आपल्या शेजाऱ्याच्या आर्य भाषेतील अंक घेतो. सात ही घरातल्या मोजदादीची मर्यादा. आठ, नऊ, दहा आणि त्यापुढचे शेकडे हे बाजाराचे, सावकाराच्या वहीचे, मोहाच्या आणि लाखेच्या वजनाचे अंक. दक्षिणेकडच्या काही बोलींत आठासाठी अरमुर, नवासाठी उनमाक आणि दहासाठी पद हे जुने शब्द टिकून आहेत, त्यावरून मूळ भाषा सातावर अडलेली नव्हती हे स्पष्टच आहे. तराजू ज्याच्या हाती त्याच्या भाषेत मोजावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

२ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, त्यानंतरच्या व्यवस्थेने या प्रक्रियेस अधिकच वेग दिला. बंदोबस्तात मालगुजारीचे हक्क कायम झाले आणि गोंड मुलखातील कितीतरी गावांचा मालक गोंडीचा एक शब्दही न जाणणारा मनुष्य झाला. तहसिलीत, दिवाणी अदालतीत आणि शाळेत कोठे मराठी तर कोठे हिंदी चालली, वर इंग्रजी. याच काळात येथे अजब बंगला हे वस्तुसंग्रहालय उभे राहिले, १८६३ साली, आणि गोंडांची आयुधे, अलंकार, देव काचेआड मांडले गेले. वस्तूंना राजधानीत जागा मिळाली, त्या वस्तूंची नावे ज्या भाषेत होती तिला मिळाली नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंड १९१६ साली निघाले; त्यातील गोंडांवरील प्रकरण परिश्रमाने लिहिलेले आहे, आणि लिंगोची कथाही त्यात येते, पण तीही इंग्रजीत.

लिपी नव्हती म्हणून असे झाले, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. तो तपासून पाहण्यास आपल्या देशाबाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. चीनच्या युन्नान व सिच्वान प्रांतांतील डोंगरांत ज्यांना पूर्वी लोलो म्हणत व आज यी म्हणतात, त्या लोकांच्या भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातल्या. त्यांच्यापाशी स्वतःची पुरातन लिपी आहे, आणि बिमो नावाचे पुरोहित वंशावळी, मंत्र व सृष्टिकथा यांच्या हस्तलिखित पोथ्या पिढ्यान्पिढ्या जपत आले आहेत. तेथेही पॉल व्हियाल या फ्रेंच पाद्र्याने त्यांच्यात राहून १९०९ साली हाँगकाँग येथे त्यांच्या एका बोलीचा कोश प्रसिद्ध केला. लिपी होती, पोथ्या होत्या, तरी चिनी साम्राज्याच्या दप्तराने त्या भाषांना शतकानुशतके बाहेरच ठेविले. आणि जेव्हा राज्याने मनावर घेतले तेव्हा ८१९ अक्षरांची एक प्रमाण लिपी ठरवून १९८० साली तिला मान्यता देता आली व शाळेची पुस्तके निघू शकली. तेव्हा लिपीचा अभाव हे कारण नव्हे, निमित्त आहे.

शिवाय गोंडीला लिपी नव्हती हे म्हणणेही आता टिकत नाही. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली. आदिलाबादेतील गुंजाळा या गावी दुसऱ्याच एका लिपीतील जुनी हस्तलिखिते या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या दृष्टीस पडली, आणि या दोन्ही लिप्यांना २०१७ व २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंकेतात स्थान मिळाले. देवनागरीचा मार्ग तर मोकळाच होता. निजामी राज्यात मारलवाई येथे १९४० नंतरच्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली तेव्हा तिच्यासाठी गोंडीची वाचने देवनागरीतच छापली होती. त्याच मुलखात अधिकारी म्हणून गेलेले आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. फारसी कागदपत्रांचे एवढे मोठे जाणकार, पण रयतेच्या भाषेत रयतेचे गाऱ्हाणे ऐकणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे असे त्यांनी मानले. सरकारी नोकराने भाषा शिकावी ती अशा भावनेने, असे आम्हांस मनापासून वाटते.

१९५६ हे वर्ष गोंडीच्या इतिहासात सर्वांत निर्णायक ठरले. भाषेच्या तत्त्वावर प्रांतांची पुनर्रचना झाली. मराठीला, तेलुगूला, कन्नडला तिचे तिचे घर मिळाले किंवा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. नागपूरने राजधानीपद गमावले आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. त्याच तत्त्वाच्या अंमलबजावणीत गोंडी भाषकांचे मध्य प्रदेश, मुंबई, आंध्र आणि ओरिसा असे तुकडे झाले. प्रत्येक राज्याची भाषा दुसरीच. मंडल्याचे मूल हिंदी शिकू लागले, गडचिरोलीचे मराठी, उटनूरचे तेलुगू, आणि एका पिढीत अशी स्थिती आली की निरनिराळ्या राज्यांतील दोन शिकलेले गोंड एकमेकांना भेटले तर त्यांना समान लेखी भाषा उरली नाही. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम संविधानात आले, ज्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर टाकले आहे. २००३ साली बोडो आणि संथाळी आठव्या अनुसूचीत दाखल झाल्या. २०११ च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजारांवर लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली, तरी ती अद्याप त्या सूचीत नाही. गोंडांची एकंदर लोकसंख्या कोटीच्या वर आहे, यावरून किती घरांतून ही भाषा उठून गेली याचा अंदाज येतो. नागपूरच्या आसपास तर ती बहुतांशी आजी-आजोबांपाशीच राहिली आहे.

तरीही या शहराने गोंडीसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्या एका व्यक्तीने तिच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचले ती याच जिल्ह्यातली. मोतीरावण कंगाली यांचा जन्म १९४९ साली रामटेककडील दुलारा या गावी झाला. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत त्यांनी गोंडीचे व्याकरण, शब्दकोश आणि ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ यासारखे ग्रंथ सिद्ध केले. बँकेच्या कामाचे तास संपवून एका भाषेचा कोश एकट्याने रचावयास बसणे हे काय काम आहे, हे ज्याने कधी दहा शब्दांचे तरी अर्थ काटेकोरपणे लिहून पाहिले असतील त्यालाच कळेल. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेची माघी पौर्णिमेची जत्रा आज चार-पाच राज्यांतील गोंडांचे संमेलन झाली आहे, तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. तेथे ‘जय सेवा’ म्हणून एकमेकांना भेटणारे लोक पुन्हा गोंडीत बोलू लागतात. २०१५ साली कंगाली निवर्तले. व्यंकटेश आत्राम यांचे ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ आणि उषाकिरण आत्राम यांची कविता यांनी मराठीतून त्या जगाची ओळख करून दिली, आणि मराठी त्यांची ऋणी आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव म्हणून एक गाव आहे. तेथील ग्रामसभेने २०१९ साली आपल्या खर्चाने गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि तिला गोटुल हे आपल्या परंपरेतले नाव दिले. मुले तेथे गोंडीत मोजतात, गोंडीत झाडांची आणि पाखरांची नावे शिकतात, आणि मराठी, हिंदी, इंग्रजीही शिकतात. ही शाळा अनधिकृत आहे अशी सरकारी नोटीस आली तेव्हा ग्रामसभेने संविधानाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. बख्त बुलंदाने वसविलेल्या नगरात गोंडीचा दावा अखेर रीतसर दाखल झाला आहे, आणि तो करणारे ना राजे आहेत ना पंडित. आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकवू द्या एवढेच मागणारे एका लहान गावाचे लोक आहेत. त्यांचे म्हणणे मान्य व्हावे, आणि जेथे जेथे गोंडी बोलणारी मुले आहेत तेथे तेथे सरकारने स्वतः होऊन अशी शाळा काढावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.